आतडं तेच, पाटी निराळी

नागपूरचं सावजी मटण आता जगभर गाजलं. मोबाईल घेऊन व्हिडिओवाले येतात, लालभडक तर्रीत भाकर बुडवतात, नाक पुसतात, घाम पुसतात आणि सांगतात, हाच नागपूरचा खरा स्वाद. गाजू द्या. सावजी ही हलबा-कोष्टी विणकरांची रसोई. मागावर बसून कंबर मोडलेल्या माणसांची. हातमाग बसले पण पोट बसलं नाही, म्हणून घरातली चूल रस्त्यावर आली. कष्टकऱ्याच्या चुलीला नाव मिळालं याचं आमच्या पोटात दुखत नाही. आमचा सवाल दुसरा आहे.

सावजीत 'सुंदरी' मिळते. सुंदरी म्हणजे बकऱ्याचं आतडं. खूर मिळतात, मुंडी मिळते. वकील, डॉक्टर, पुढारी, साहेब लोक रांगेत गाड्या लावून सुंदरी खातात आणि बोटं चाटतात. हेच आतडं आमच्या आज्या दहा पाण्यांनी धुऊन, हळद-मिठात उकळून, पाट्यावर वाटलेल्या भिवापुरी मिरचीत शिजवत होत्या. तेव्हा त्याचं नाव काय होतं? वजडी. आणि वजडी खाणारे कोण? घाणेरडे. गावाबाहेरचे. ज्यांच्या घराकडून वारा आला की नाकाला पदर लावायचा, ते.

बकरा तोच. आतडं तेच. मिरची तीच. पाटी निराळी.

दोस्तांनो, हे शहर जिभेनं जेवत नाही. हे शहर पाटी वाचून जेवतं.

हिंडा एकदा. नागपूर हिंडा, पुणं हिंडा, दादर-गिरगाव हिंडा. मान वर करून पाट्या वाचा. सावजी भोजनालय. मालवणी. आगरी. मराठा खानावळ. लिंगायत खानावळ. मारवाडी भोजनालय. जैन थाळी. ब्राह्मणी पद्धतीचं घरगुती जेवण. चारचौघात विचारलं तर सगळे सांगतील, अन्नाला जात नसते भाऊ, कायले विषय काढता? अन्नाला जात नसते तर ती काचेच्या पाटीवर दिवे लावून काहून चमकते? त्यांनी जात पाटीवर लिहिली की ती परंपरा. आपण जात तोंडातून काढली की तो जातीयवाद.

आता उलटं वाचा. महार खानावळ. मांग भोजनालय. चांभार थाळी. वाचलं कुठं? ज्या शहरात आपली लाखोंची वस्ती आहे, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इतिहास उलटा केला, त्या नागपुरात तरी वाचलं? नाही वाचलं. आपली माणसं हॉटेलं काढतात, नाही असं नाही. पण पाटीवर 'पंजाबी-चायनीज' लिहितात. आपल्या हातची चव चीनच्या नावानं विकावी लागते. कारण पाटीवर आपलं नाव आलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दाराला वळतं, हे त्यांना माहीत आहे. त्या पोट्ट्यांना मी दोष देत नाही. दोष त्या गिऱ्हाइकाच्या नाकाला आहे.

हे नाक आजचं नाही. त्याचा इतिहास वाचा.

१९०१. दहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. कोरेगावला वडिलांकडे जायचं होतं. जवळ जेवणाचा डबा होता. पाणी नव्हतं. रात्रभर बैलगाडीचा प्रवास, आणि महाराच्या पोरांना घोटभर पाणी कुणी देईना. भरलेला डबा तसाच राहिला. लक्षात घ्या, आपली उपासमार नेहमी अन्नाच्या तुटवड्यानं झालेली नाही. डबा भरलेला असताना आपल्याला उपाशी ठेवलं गेलं आहे.

मी मिलमधला माणूस, म्हणून मिलचं सांगतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. त्या खात्यात अस्पृश्याला घेत नसत. काहून? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार! एकाच मालकाचे दोघे गुलाम, पण एकाची थुंकी शुद्ध आणि दुसऱ्याची अशुद्ध. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगारांच्या एकीची भाषणं करणाऱ्यांना तो अवघड गेला. हॉटेलातल्या कपबशीचा प्रश्न आणि कारखान्यातल्या धोट्याचा प्रश्न एकच आहे. तोंडाचा प्रश्न आहे. आणि तोंडाचा प्रश्न शेवटी मजुरीचा प्रश्न होतो.

१९२७, महाड. २० मार्चला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो. त्यानंतर हल्ला कुठं झाला? मंडपात, आपली माणसं जेवत असताना. शिजलेलं अन्न मातीत मिसळलं गेलं. तळ्याच्या पाण्याचा राग त्यांनी ताटावर काढला. कारण त्यांना ठाऊक होतं, सोबत बसून पोटभर जेवणारा माणूस उद्या वाकत नसतो.

याच इतिहासात एक चांगलं पानही आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचा महार, राजाच्या पागेत नोकरीला. सवर्णांच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला मारून काढलं. राजर्षी शाहूंनी त्याला काय दिलं? भीक दिली नाही. चहाचं हॉटेल काढून दिलं. गंगारामनं पाटीवर लिहिलं 'सत्यसुधारक'. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? मग शाहू महाराजांनीच आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करायला सुरुवात केली. स्वतः चहा प्यायचे आणि सोबतच्या बड्याबड्यांना पाजायचे. राजानं हुकूमनामा काढला असता तर तो दप्तरात पडून राहिला असता. राजानं कप तोंडाला लावला. शंभर परिषदांचं काम एका कपानं केलं.

मग संविधान आलं. कलम १५ मध्ये बाबासाहेबांनी आणि घटना समितीनं साफ लिहून ठेवलं की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. कलम १७ नं अस्पृश्यता मोडीत काढली. १९५५ मध्ये त्यासाठी कायदा झाला. विचार करा, जगातल्या किती देशांच्या घटनेत चहाच्या हॉटेलात कोण बसेल हे लिहावं लागलं असेल? आपल्या देशात लिहावं लागलं. इतकं मोठं पाप त्या चहाच्या कपात होतं.

कायद्यानं दार उघडलं. त्याआधी मुंबईत थोडंबहुत दार इराण्यांनी उघडं ठेवलं होतं. हिंदू व्यापाऱ्यांनी अपशकुनी म्हणून सोडलेल्या कोपऱ्यावरच्या जागा त्यांनी घेतल्या, संगमरवरी टेबलं टाकली आणि पैसे टाकील त्याला चहा-ब्रुनमस्का दिला. १९७२ मध्ये पँथर उभी राहिली तेव्हाच्या किती बैठका, किती कविता, किती भांडणं अशा चहाच्या टेबलांवर झाली, हे जुन्या माणसांना विचारा.

पण दोस्तांनो, दार उघडलं म्हणजे चूल उघडली असं नाही. आज शहरातल्या कोणत्याही हॉटेलात तुम्ही जाऊन बसू शकता. मात्र तिथे भांडी कोण घासतं ते बघा. मोरी कोण साफ करतं? तुंबलेल्या गटारात कोण उतरतं? रात्री बारा वाजता पाठीवर चौकोनी पिशवी लावून कुणाची पोरं थंडी-पावसात तुमचं जेवण पोचवतात? आणि मुख्य आचारी कोण, गल्ल्यावर कोण, मालक कोण? टेबलावर समता आली. भटारखान्यात अजून यायची आहे.

पुण्यात २०१७ मध्ये काय झालं ते आठवा. हवामान खात्यातल्या एका मोठ्या अधिकारी बाईनं पोलिसात तक्रार दिली. गुन्हा काय? घरी सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईनं ब्राह्मण असल्याचं सांगितलं आणि ती निघाली मराठा! आकाशातल्या ढगांचा हिशेब ठेवणाऱ्या शास्त्रज्ञ बाईचं सोवळं फोडणीच्या धुरानं बाटलं. ओरड झाली, तक्रार मागे घेतली गेली. पण धडा घ्या. मराठा बाईची ही गत, तर तिथे आपल्या आयाबहिणींची जागा कोणती?

मार्च २०२४ मध्ये झोमॅटो कंपनीनं 'प्युअर व्हेज' गिऱ्हाइकांसाठी वेगळी पोरं आणि त्यांना हिरवा गणवेश जाहीर केला. मटणाच्या पिशवीचा वाससुद्धा लागू नये म्हणून! ओरडा झाल्यावर दुसऱ्या दिवशी हिरवा रंग मागे घेतला. वेगळेपणा ठेवलाच. मुंबईच्या आयआयटीत २०२३ मध्ये वसतिगृहाच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांची टेबलं वेगळी काढली आणि त्याविरुद्ध टेबलावर बसून मांसाहार करणाऱ्या पोराला दहा हजारांचा दंड ठोकला. देशातली सगळ्यात हुशार म्हणवणारी डोकी, आणि टेबल मात्र मनूचं.

'शुद्ध शाकाहारी'. या दोन शब्दांतला दुसरा शब्द आम्हाला चालतो. ज्याला भाजी खायची त्यानं खावी, आमचं काही म्हणणं नाही. पण 'शुद्ध' हा शब्द कुणाला उद्देशून आहे? एक ताट शुद्ध झालं की बाजूचं ताट आपोआप अशुद्ध होतं. नागपुरात, पुण्यात शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना खोली शोधताना पहिला सवाल येतो, नॉनव्हेज खाता का? हा सवाल जेवणाचा नाही. आडनाव विचारायला लाज वाटते, म्हणून ताट विचारतात.

आणि हे शाकाहारी कोणत्या देशाच्या नावानं बोलतात? सरकारच्याच २०१४ च्या नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दर शंभर माणसांत सत्तरहून जास्त माणसं मांसमच्छी खाणारी निघाली. म्हणजे देश आमच्या बाजूनं जेवतो. पाटी मात्र त्यांची. कायदाही त्यांचाच. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात घातले. पाच वर्षांची कैद, दहा हजार दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कत्तलबंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यातलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. माणसाच्या स्वयंपाकघरात पोलिसानं डोकावायचं नसतं, एवढं तरी कोर्टाला पटलं. पण बाजारात काय झालं? गरिबाच्या ताटातलं सगळ्यात स्वस्त मांस गेलं. कास्तकाराचा म्हातारा बैल विकायचा राहिला. खाटीक बसला. कातडं कमावणारा बसला. आणि रस्त्यावर गाडी अडवून मारणाऱ्या टोळ्यांना धर्माचा बिल्ला मिळाला.

लेकरांचं बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या जेवणात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. एक. आठवड्यातून. जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्याचा पैसा बंद केला आणि द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितलं. भद्रावती-चिमूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या लेकरांची हाडं मोजता येतात. त्यांच्या ताटातलं अंडं कुणाच्या शुद्धतेला टोचत होतं, हे सरकारनं एकदा सांगावं.

मिलचं आणखी एक सांगायचं आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव मोडला. त्या गिरणगावात खानावळवाल्या बाया होत्या. गावाहून एकटा आलेल्या कामगाराला पाळीप्रमाणे त्या जेवू घालत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरण्या गेल्या तशी चुलीवरची ती खानावळही विझत गेली. आज फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आहे. कमला मिलच्या आवारात गच्चीवरची हॉटेलं झाली आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या आगीत १४ माणसं मेली. आमच्या नागपूरची एम्प्रेस मिल, १८७७ ची, २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवरही मॉल. जिथे तीन पाळ्यांत घाम गळत होता, तिथे आज एका कॉफीला रोजाची निम्मी मजुरी लागते. शहराची खाद्यसंस्कृती म्हणून जिचे गोडवे गातात ती अशी कामगाराच्या छातीवर टेबल मांडून बसली आहे.

आता बाहेरच्यांना बोलून झालं. घरच्यांना बोलतो. हे जास्त गरजेचं आहे.

आपल्यातले काही शिकलेले म्हणतात, जुनं खाणं कायले उकरता? बाबासाहेबांनीच तर सोडायला सांगितलं. थांबा. बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितलं ते नीट वाचा. त्यांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. गावानं फेकलेलं, गावकीचा हक्क म्हणून गळ्यात बांधलेलं, शिळं, उष्टं, मागून आणलेलं सोडायला सांगितलं. त्यांनी लाचारी सोडायला सांगितली. शेणातले दाणे धुऊन खाण्यात कसली संस्कृती? ती भूक होती. त्या भुकेची आरती ओवाळणारे साहित्यिक मला मान्य नाहीत. मातीच्या भांड्यात चटणी-भाकर वाढून तीनशे रुपये घेणारं हॉटेलही मान्य नाही. भूक ही सजावटीची वस्तू नाही.

पण भूक वेगळी आणि हुनर वेगळं. फेकलेल्या तुकड्याला चव आणणारा हात हुनरी होता. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करायच्या आणि पावसाळ्याचे उपाशी दिवस काढायचे, हे शास्त्र आहे. रक्ती शिजवणं, मुंडी भाजणं, अंबाडीच्या पाल्यात कण्या घालणं, लाखोळीच्या डाळीची वडी, जवसाची चटणी, तळ्यातल्या वाळलेल्या झिंग्यांचं कालवण. यातलं काय कमी आहे? भूक त्यांनी लादली. हुनर आपल्या आज्यांनी कमावलं. भूक फेकून द्या. हुनर फेकू नका. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' लिहून दाखवलं की गोमांस खाण्यावरून माणसांना गावाबाहेर टाकलं गेलं. म्हणजे ताट हे अस्पृश्यतेचं उगमस्थान. ते ताट झाकून ठेवून अस्पृश्यता कशी मिटेल?

दुसरे म्हणतात, आपण बौद्ध, आपण मांस सोडलं पाहिजे. ज्याला करुणेनं सोडायचं त्यानं खुशाल सोडावं, त्याला माझा जयभीम. पण बुद्धाच्या नावानं दुसऱ्याचं ताट तपासू नका. देवदत्तानं मागणी केली होती, भिक्खूंना मांसमच्छी कायमची बंद करा. बुद्धानं ती सक्ती नाकारली. भिक्खूचं पात्र सगळ्या दारांत जात होतं. जे पडेल ते. ज्याच्या घरचं असेल ते. बुद्धाचं शेवटचं जेवण चुंद नावाच्या लोहाराच्या घरचं होतं. इथे भद्रावतीत विजासनच्या लेण्यात बुद्ध शतकानुशतकं दगडात बसला आहे. त्याच्या दारात कुणी 'शुद्ध शाकाहारी' पाटी लावलेली नाही.

आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जा. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब चंद्रपूरलाही आले होते, म्हणून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरही जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं मंडप टाकून फुकट जेवू घालतात. कुणी जात विचारत नाही, पैसा विचारत नाही, पास मागत नाही. त्या दिवसांत नागपूरची सगळ्यात मोठी पंगत तीच असते. शहराच्या खाद्ययात्रेच्या व्हिडिओत ती कधी पाहिली? नाही. कारण तिथे खाणं फुकट आहे आणि खाऊ घालणारे आपण आहोत.

मग करायचं काय? नुसतं भाषण ठोकून मी पळणार नाही.

पहिलं. आज्या मरत आहेत. त्यांच्या बरोबर चव मरते आहे. वही घ्या, आजीपाशी बसा, लिहा. काय शिजायचं, कशात, किती वेळ, कुणाच्या वाट्याला काय यायचं, बायांच्या वाट्याला शेवटी काय उरायचं, सगळं लिहा. उस्मानाबादकडच्या शाहू पाटोळेंनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्याच्या मांग-महारांचं ताट पुस्तकात आणलं. २०२४ मध्ये ते इंग्रजीत गेलं. आपल्या झाडीपट्टीचं, चांदा-गडचिरोलीचं पुस्तक कोण लिहिणार? मुंबईचा कुणी येऊन लिहील याची वाट पाहता?

दुसरं. लिहिताना चुलीजवळ बसलेल्या बाईलाच नाव द्या. क्रांतीची भाषणं करून घरी आलेला कार्यकर्ता ताट वाढून मागतो, तेव्हा मनू आपल्याच पाटावर जेवत असतो. हातात पोळपाट घ्या. पोट्टे स्वयंपाक शिकले म्हणून चळवळ बुडत नाही.

तिसरं. जिथे दोन पेले दिसतील, जिथे वेगळं टेबल दिसेल, तिथे कलम १५ घेऊन बसा. १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. हॉटेलवाल्याशी हातघाईवर येऊ नका. नाव लिहा, तारीख लिहा, साक्षीदार घ्या, लेखी तक्रार द्या आणि तिची पोच मागा.

चौथं. आपल्यातला कुणी गाडा लावत असेल, भोजनालय काढत असेल, तर त्याला सांगा, चायनीज विक, पंजाबी विक, पण एका कोपऱ्यात आपलं एक भांडं ठेव आणि त्याचं खरं नाव लिही. वजडीला वजडीच म्हण. आणि त्यानं हे केलं की आपण काय करायचं? शाहू महाराजांनी केलं ते. आपली सायकल, आपली फटफटी, आपली मीटिंग त्याच्या दारात न्यायची. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जे पैसे जातात त्यातल्या चार पैशांचं जेवण त्याच्याकडून घ्यायचं. वरच्या जातीच्या मित्राला सोबत न्यायचं. सहभोजनं पुष्कळ झाली, पण बहुतेकांत त्यांच्या घरचं अन्न आणि आपली हजेरी. आता आपली चूल, आपला हात, आपली पाटी. पंगतीला त्यांनी यावं. ज्याला खरंच जात सोडायची आहे तो येईल, भाकर मोडील, दुसऱ्यांदा कालवण मागून घेईल. ज्याला सोडायची नाही तो पोट भरलेलं आहे म्हणेल.

त्या दिवशी आपल्याला कळेल कुणाचं पोट भरलेलं आहे आणि कुणाचं मन बाटलेलं आहे.

जयभीम.